मागच्या पत्र्यावरचं गवत

इस्माईल, तुझी बेगम खात नाही.

तू गेलास त्याला आज अकरा दिवस झाले. चौथ्या दिवशी भाभींनी तिचं खोकं माझ्या हवाली केलं, आणि सोबत तुझ्या घरात उरलेली माझ्या जुन्या गंजीतली अर्धी पेंढी दिली. ती पेंढी होती तोवर बेगमबाई गप खात होत्या. काल सकाळी ती संपली. मी माझ्याजवळचं गवत टाकलं. तिनं एकदा हुंगलं, माझ्याकडं बघितलं, आणि भिंतीकडं तोंड करून बसली. संध्याकाळी दुसरी पेंढी सोडून टाकली, तरी तेच. आज सकाळीही तेच.

संताप येतो तो ह्याचा. तीस वर्षं ह्या हातांनी नगरच्या टांग्यांच्या घोड्यांना गवत पुरवलं. लाथा मारणारी, चावणारी, मालकाला न जुमानणारी, सगळी माझ्या पेंढीपुढं मान खाली घालायची. आणि हे सशाच्या पिल्लाएवढं, बिनशेपटीचं विलायती गिनीपिग मला पाठ दाखवतं. गावची माणसं ओट्यावर येऊन बघून जातात. काल गेनू सुतार म्हणाला, "कोंडीबा, मानसांना रेशनची मिलो जवारी पचंना, आन् तू उंदराच्या मिनत्या करतोस व्हय?"

मी म्हणालो, "उंदीर न्हाई ती. इस्माईलची बेगम हाय."

तर सगळे हसले. ह्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

विचारायचं तर तुलाच विचारायला पाहिजे, आणि तू तिकडं निवांत पडलायस. म्हणून हे लिहितो. मी तिसरी शिकलेला माणूस, माझं अक्षर वाऱ्यानं पडलेल्या गवतासारखं कुठंही कलतं. पण तोंडानं बोलायला लागलो तर घरचे म्हणतील, म्हातारा खोक्याशी बोलायला लागला.

तुझा घोडा शेरा म्हातारा होऊन गेला तेव्हा मला वाटलं होतं, संपलं. रिक्षा आल्या, टांग्याचे दिवस भरत आले, तू टांगा तबेल्यात लावून टाकलास. ज्याच्याकडं घोडा नाही त्याच्या दारात गवतवाल्यानं थांबायचं कशाला? त्या सोमवारी मी बैलगाडी तुझ्या दारावरून तशीच पुढं गवताच्या अड्ड्यावर नेत होतो. तर तू नेहमीसारखा उंबऱ्यात उभा. "एक पेंढी टाक."

"कुनाला? तू खानार हायस का?"

"दोन मेहमान आल्यात."

बघतो तर खोक्यात ही दोन. एक तपकिरी-पांढरी, एक काळीकुट्ट. ज्या गोऱ्या डॉक्टरीणबाईला तू वर्षानुवर्षं दवाखान्यात सोडत होतास, ती आपल्या मुलखाला परत गेली आणि जाताना हे खोकं तबेल्यात उभ्या असलेल्या तुझ्या टांग्यात ठेवून गेली. दोन्ही माद्या. तू तपकिरीचं नाव बेगम ठेवलंस आणि काळीचं सुलताना. गवताचा नुसता सळसळ आवाज झाला की दोघी शिट्टीसारख्या ओरडायच्या. मला म्हणालास, "कोंडीबा, गवत म्हंजी ह्यांची भाकरी. दिसभर पायजे. कोथमिरीच्या काड्या, पेरूचा पाला, ती नुसती चटनी."

मी पहिल्यांदा तुला कुसळी गवताची पेंढी दिली. का दिली? शेरानं ती जन्मभर खाल्ली म्हणून दिली. पुढच्या सोमवारी तू माझं मनगट धरून मला खोक्यापाशी नेलंस. सुलतानाच्या ओठात कुसळ रुतलं होतं.

"घोड्याचं तोंड पोत्यासारखं असतं. हिचं बघ. तुझ्या नातीच्या कानाएवढं हाय."

मग मी पवना आणला. आमच्या कुरणाचा पवना म्हणजे गवताचा राजा, हे मी आजही म्हणतो. तर तुझ्या त्या दोघी त्याच्यावर बसून राहिल्या. काड्या जाड लागल्या म्हणे. तू म्हणालास, "हातरुन म्हनून लई झ्याक हाय." माझ्या पवन्याला अंथरूण म्हणालास तू! अड्ड्यावर चारचौघांत म्हणालास! मी त्याच रागात म्हणालो, मग लसूणघास घाल, हिरवागार, दुभत्या गाईला घालतात तसा. तू माझ्या शब्दावर महिनाभर घास घातलास. दोघींची पोटं गाडग्यासारखी झाली आणि मुताला चुन्यासारखा रंग आला. तेव्हा तू खिशातून डॉक्टरीणबाईची चिठ्ठी काढलीस. घास फक्त पिल्लांना आणि गाभणीला, बाकीच्यांना साधं वाळलेलं गवत, असं तिनं आधीच लिहून ठेवलेलं.

"मग आदी का न्हाई बोलला?"

"तुला सांगितल्यावर तू कधी ऐकलंस? म्हनलं, जनावरच सांगंल."

शेवटी बारीक काडीच्या मारवेल गवतावर येऊन थांबलो. तुला ते फुलोऱ्यात कापलेलं पाहिजे, बी धरायच्या आत, पाला जास्त आणि काडी कमी. मी तोंडानं कधी हो म्हणालो नाही. पण त्या सोमवारपासून गंजीच्या पोटातली एक पालेदार पेंढी तुझ्यासाठी बाजूला निघत होती, हे तुला दिसत होतंच.

आता खरं लिहायचं ते लिहितो. त्यासाठीच वही काढली आहे, आणि मघापासून कुसळीवर आणि पवन्यावर वेळ काढतोय.

पारनेरकडून नगरला गाडी यायची म्हणजे अर्धा दिवस ऊन आणि वारा. गवत करकरीत होतं, पाला झडतो. म्हणून अड्ड्यावर शिरायच्या आधी घोड्यांच्या हौदापाशी गाडी थांबवायची आणि दोन बादल्या पाणी पेंढ्यांवर शिंपडायचं. गवत फुगतं, हिरवट दिसतं, हाताला मऊ लागतं, वास सुटतो. असं पाणी मी मारत होतो, माझा बाप मारत होता, अड्ड्यावरचा एकूण एक गवतवाला मारत होता. ह्यात आम्हाला कधी पाप वाटलं नाही. घोडा ती पेंढी त्याच दिवशी खाऊन टाकतो. ओल धरायला वेळच कुठं असतो?

पण तुझ्या त्या दोघींना एक पेंढी आठवडाभर पुरत होती. तू ती पोत्यात कोंबून ठेवायचास.

पावसाळा सरता सरता एका सोमवारी तू पेंढीतली मूठ काढलीस, पिळलीस, नाकाला लावलीस, एक काडी चावलीस. गिऱ्हाईक करतं तसं. पण तू पंचवीस वर्षांत माझ्या गवताला असं कधी केलं नव्हतंस. शेरासाठीसुद्धा नाही. मग हळूच विचारलंस, "कोंडीबा, तू पानी मारतोस का रं?"

आजूबाजूला चार गवतवाले उभे होते. मी म्हणालो, "माझ्या बैलांची आन. थेंब न्हाई."

तू "बरं" म्हणालास. एवढंच म्हणालास.

पंधरा दिवसांनी सुलताना गेली. पोत्याच्या तळचं गवत काळं पडलं होतं, हात घातला की धूर निघाल्यासारखी बुरशी उडत होती. तू मला ते पोतं दाखवलंस. मी म्हणालो, तुझ्या तबेल्याला ओल आहे. तू परत म्हणालास, "बरं."

बैलांची आण मी खाल्ली आणि बैल माझे ठणठणीत राहिले. गेली ती सुलताना.

त्यानंतर एकदा मी पाणी प्यायला म्हणून तुझ्या घरामागं गेलो, तर तबेल्याच्या पत्र्यावर माझं गवत पसरलेलं. माझं! वाळलेलं गवत कुणी वाळवतं का? मी तिथंच तुझ्यावर तोंड सोडलं. म्हणालो, तीस वर्षांत माझ्या मालाचा असा अपमान कुणी केला नाही. तुझं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं.

"आरं बाबा, तसं न्हाई. डॉक्टरीनबाई सांगून गेली हाय. ह्या विलायती जनावरांना उन्हात तापल्यालंच गवत लागतं. तिकडं थंडी ना, म्हनून त्यांना ऊब आवडती."

आणि मी ते खरं मानलं. नुसतं मानलं नाही, अड्डाभर सांगत सुटलो. हसून हसून सांगायचो, "आयका, साहेबाच्या मुलखातलं उंदीर बी ऊन-ऊन जेवतं!" दोन वर्षं सांगितलं. तुझ्यासमोर सांगितलं. तू विडी ओढत ऐकायचास आणि वरून म्हणायचास, "व्हय, लई नखरे हायत."

मग हा दुष्काळ आला. कुरण जमिनीला लागलं, बैल छावणीला गेले, आणि घोड्यांचा हौद आटून त्यात कुत्री झोपायला लागली. माझ्याजवळ जुन्या गंजीचं थोडं मारवेल उरलं होतं. त्यातली एक पेंढी डोक्यावर घेऊन मी दर सोमवारी एस.टी.नं तुझ्याकडं यायचो. पाणी मारायचं म्हटलं तरी आणायचं कुठून? माणसांना प्यायला टँकर.

आणि माझ्या ध्यानात आलं की तुझा मागचा पत्रा मोकळा आहे. एक सोमवार, दोन सोमवार, चार सोमवार. तू पेंढी माझ्या हातातून घ्यायचास आणि सरळ खोक्यात सोडायचास. मी चेष्टेनं विचारलं, "का रं, आता बेगमला ऊन नको का?"

तू बेगमच्या पाठीवर हात फिरवत म्हणालास, "यंदाचं तुझं गवत लई चांगलं हाय, कोंडीबा. असंच आनत जा."

मी हसलो. एस.टी.त बसलो, सुप्याच्या पुढं आलो, आणि मग माझ्या डोक्यात ते शिरलं. हौद आटला म्हणून पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून वाळवणं नाही, इस्माईल. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरीणबाईनं असलं काही सांगितलंच नव्हतं.

एकदा शिवी घातली असतीस तर काय बिघडलं असतं? "कोंड्या, तू पाणी मारतोस, माझं जनावर तुझ्यामुळं मेलं," असं सगळ्या अड्ड्यासमोर म्हणाला असतास, तर मीही तुला दोन ठेवून दिल्या असत्या, महिनाभर बोललो नसतो, आणि सगळं मिटलं असतं. तू ते केलं नाहीस. तू मला माझ्या थोरपणात ठेवलंस आणि स्वतः माझं गवत वाळवत बसलास. असल्या माणसाशी भांडायचं कसं?

मी ठरवलं होतं, पुढच्या सोमवारी सांगायचं. नाही सांगितलं. त्याच्या पुढच्या सोमवारी माझी गंजी संपली म्हणून मी अकोल्याकडून ट्रकनं आलेलं गवत घेऊन आलो. तू नाकाला लावलंस आणि म्हणालास, "हे कुनाचं? तुझं न्हाई हे."

"गवत मला वळखाय शिकवतोस?"

"तुझं नाक तपकीर ओढून मेलंय, कोंडीबा. वास येतोय ह्याला."

सांगायला आलो होतो एक, आणि झालं हे. मी पेंढी तिथंच टाकली, पाठ फिरवली आणि स्टँडवर निघून आलो. तू मागून हाक मारलीस. एकदा नाही, दोनदा. मी वळलो नाही. गुरुवारी तू गेल्याचा निरोप आला.

आता बेगम माझ्याकडं तशीच पाठ करून बसली आहे.

इथवर लिहिलं त्याला चार दिवस झाले. मग वही बंद केली, खोकं फडक्यात बांधलं, ट्रकच्या गवताची पेंढी काखेत मारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं नगरला निघालो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, कोंबडी हाय का? तिकीट पडंल."

"बेगम हाय."

"मग तर फुल तिकीट."

सगळी गाडी हसली. मी नाही हसलो. मांडीवरचं खोकं अगदी गप होतं. तुझ्याकडं ती गवताची काडी वाजली तरी ओरडायची.

भाभींनी दार उघडलं. त्यांच्यासमोर बसायला मला लाज वाटत होती, तुझी खाट तिथंच भिंतीला उभी केलेली. त्या खोक्यापाशी बसल्या, बेगमला मांडीवर घेतलं, पोट चाचपलं. मग माझ्या पेंढीतली मूठ काढली. पिळली, नाकाला लावली. तुझ्यासारखीच.

"कोंडीबा भाऊ, ह्याला वास येतोय."

"मला न्हाई येत."

"तुमाला तपकिरीनं येत न्हाई." त्यांनी पेंढी मधून फाडली. पोटात ओलं होतं, आणि दोन ठिकाणी काळं पडलं होतं. "पानी मारलंय कुनीतरी."

"मी न्हाई मारलं, भाभी! शपथ घिऊन सांगतो, ह्या टायमाला मी न्हाई मारलं!"

बोललो आणि माझंच मला ऐकू आलं. ह्या वेळेला. ट्रकवाल्यानं मारलं होतं. मी जे तीस वर्षं लोकांना दिलं तेच मला त्यानं दिलं, आणि मी ते नाकाला लावून, पसंत करून घेऊन आलो होतो.

भाभींनी काळं गवत वेगळं काढून उकिरड्यावर टाकलं. चांगलं उरलं ते झटकून फडक्यात भरलं आणि म्हणाल्या, "मागच्या पत्र्यावर पसरते. दुपारपर्यंत कडक हुईल."

मी सहज म्हणालो, "मागं कशाला? पुढं ऊन जास्त हाय."

त्या थांबल्या. "ह्यांनी सांगितल्यालं हाय, कोंडीबाचं गवत पुढच्या पत्र्यावर टाकायचं न्हाई म्हनून. पुढचा पत्रा अड्ड्यावरनं दिसतो. गिऱ्हाइकांनी बघितलं तर तुमच्या मालाला नाव ठेवतील. सवय झाली मला. मागंच टाकते."

इस्माईल, मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. मला लिहिता येत नाही. मी भाभींच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि शिडी पुढच्या भिंतीला लावली.

"अवो, पडाल! वय बघा तुमचं!"

"शिडी धरा फक्त."

चढलो. गुडघे बोंबलत होते, पत्रा तव्यासारखा तापलेला. समोर अड्डा. पूर्वी चाळीस गाड्या असायच्या, आता चार-पाच जण ट्रकच्या पेंढ्या घेऊन बसलेले. मी गवत मूठमूठ करून पसरायला लागलो. बाबू गवतवाल्यानं खालून हाक मारली, "काय कोंडीबा, वर काय करतो?"

"गवत वाळवतो."

"वाळल्यालं गवत? का, तुझ्या त्या विलायतीला ऊन-ऊन लागतं म्हनून?"

"न्हाई. पानी मारल्यालं हाय म्हनून."

बाबूनं इकडंतिकडं बघितलं. "आरं, हळू बोल की. गिऱ्हाईक उभं हाय."

मी आणखी मोठ्यानं सांगितलं. म्हणालो, मी मारत होतो, तीस वर्षं मारत होतो, बैलांची आण खाऊन नाही म्हणालो, आणि इस्माईलची सुलताना माझ्या गवतानं मेली. बाबूनं आपल्या पेंढ्यांवर पोतं ओढलं. खालून भाभींनी शिडी घट्ट धरली होती, तिचं हलणं थांबल्याचं मला कळलं.

दुपारी गवत वाजायला लागलं. काडी वाकवली की मोडत होती. मी ते खाली आणलं, भाभींनी त्यातलं पालेदार तेवढं निवडून बेगमच्या पुढं धरलं, सोबत कोथिंबिरीच्या दोन काड्या. बराच वेळ ती नुसती बघत होती. मग तिनं आधी कोथिंबीर घेतली. आणि मग गवताची एक काडी ओढली, कडेकडेनं, थांबून थांबून. शिट्टी मात्र मारली नाही. ती बहुतेक तुझीच वाट बघते.

खोकं मी परत घेऊन आलो आहे. भाभी इथंच ठेवून जा म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. आता मी माझ्या ओट्यावर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, पेंढ्या फोडून उन्हात पसरतो. गेनू सुतार बघतो आणि आपल्या वाटेनं जातो.

पाणी मी मारत होतो, इस्माईल. खोटी आण मी खाल्ली. एवढं मी मागं घेतो. तू हाक मारलीस तेव्हा वळलो नाही, ते मागं घेता येत नाही.

पवन्याचं मात्र मी मागं घेणार नाही. पवना तो पवना, त्याला अंथरूण म्हणणाऱ्याला गवतातलं काही कळत नाही. पाऊस पडू दे, कुरण उठू दे, पहिला कोवळा पवना कापून मी बेगमपुढं टाकणार आहे. तिनं खाल्ला तर मी जिंकलो, आणि ती त्याच्यावर जाऊन बसली तर तू. बघायला मात्र मी एकटाच असणार, ह्याचाच मला राग येतो.